परिचारिका होऊ इच्छिणाऱ्यांस

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत जी खलबते सुरू होतात, त्यांत परिचर्येचे नाव सहसा उशिरा निघते, आणि निघते तेही वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, औषधनिर्माण ही सारी दारे एकामागून एक लागून घेतल्यावर, 'निदान एवढे तरी' अशा सुरात. ज्या मुलीच्या वाट्याला हा अभ्यासक्रम असा उरलासुरला म्हणून येतो, ती पहिल्याच दिवसापासून स्वतःला हुकलेली डॉक्टर समजू लागते, आणि त्या हुकलेपणाचे ओझे घेऊन पुढची चार वर्षे काढते. तिला प्रवेश घेण्यापूर्वीच कोणीतरी सांगावयास हवे होते, की डॉक्टर रोगाचे निदान करून, औषध लिहून पुढच्या खाटेकडे जातो. त्या औषधाने रुग्णाचे काय झाले, मध्यरात्री त्याचा श्वास का वाढला, लघवीचे प्रमाण कालच्याहून का घटले, जखमेच्या पट्टीवर उमटलेला डाग नवा की जुना, हे पाहून, समजून आणि वेळेवर डॉक्टरांना बोलावून आणण्याचे ज्ञान व उत्तरदायित्व परिचारिकेचे असते, आणि ते ज्ञान वैद्यकाच्या पुस्तकातून आपोआप येत नाही.

या पेशाविषयीचा आपल्याकडचा संकोच जुना आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढून विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हा परपुरुषाच्या देहास हात लावण्याचे काम घरंदाज स्त्रीने करावे काय, या प्रश्नाने शहरातील प्रतिष्ठित मंडळी हवालदिल झाली होती. त्या मंडळींचा काळ गेला, परंतु संकोच पूर्णपणे गेला नाही, आणि त्याचा परिणाम असा झाला, की मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या रुग्णालयांतील कक्ष कित्येक दशके केरळातून आलेल्या मुलींनी सांभाळले. त्यांच्या हातून बरे होऊन आपण घरी परतलो, आणि घरी परतल्यावर आपल्या मुलींना हा पेशा नको म्हणत राहिलो. अलीकडे नोकरीच्या टंचाईने हे चित्र पालटू लागले आहे. पालटण्याचे कारण फारसे उदात्त नसले तरी मला त्याचे वैषम्य वाटत नाही. पोटाच्या प्रश्नाने का होईना, माणूस योग्य दारापाशी आला तर ते बरेच म्हणावयाचे.

मात्र दारातून आत पाऊल टाकण्याआधी काम काय आहे ते नीट जाणून घ्यावे. सकाळ, दुपार व रात्र अशा तीन पाळ्या आलटूनपालटून येतात. रात्रपाळी बहुधा बारा तासांची असते आणि ती दिवाळीला, परीक्षेच्या आदल्या दिवशी वा धाकट्या भावाच्या लग्नातही येते. पाळी सुरू होताना आधीच्या परिचारिकेकडून खाटेगणिक रुग्णांचा ताबा घ्यावा लागतो, तापनाडीच्या नोंदी, सलाईनचे थेंब, औषधांच्या वेळा, शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी हे सर्व सांभाळावे लागते, आणि त्याच्याच जोडीला बेडपॅन देणे, अंग पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामेही येतात, ज्यांविषयी महाविद्यालयांच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकांत एक अक्षरही नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात सरकारी कक्षात एकाच परिचारिकेवर त्याच्या कितीतरी पट रुग्ण सोपविलेले आढळतात. घाणीची किळस सहा महिन्यांत जाते, असे जाणत्या परिसेविका सांगतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. पण ज्याला दुसऱ्याच्या कण्हण्याने चीड येते, त्याची चीड सहा वर्षांतही जात नाही. स्वतःच्या घरी आजारी माणसाजवळ आपण किती वेळ बसू शकतो, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे तपासून पाहावे.

आता अभ्यासक्रमांविषयी. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थिनीस घेता येतो, आणि जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून गर्भवतींची तपासणी, प्रसूती, लसीकरण व कुटुंबकल्याणाची कामे करणाऱ्या बाईची पात्रता हीच असते. गावातच राहून, आपल्या माणसांत काम करण्याची ज्यांची इच्छा आहे त्यांनी या अभ्यासक्रमास हिणकस मानू नये; परंतु याच पात्रतेवर मोठ्या शहरी रुग्णालयात बढती मिळत जाईल, अशी आशाही बाळगू नये. जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असून त्यात शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे असतात. कला वा वाणिज्य शाखेची विद्यार्थिनीही इंग्रजी विषयासह बारावीत चाळीस टक्के गुण मिळवून त्यास पात्र ठरते. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी होय. तिच्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय, एकूण पंचेचाळीस टक्के गुण, राखीव प्रवर्गांस चाळीस टक्के, आणि प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण, अशा अटी आहेत. महाराष्ट्रातील ही पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होता येते, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते, आणि म्हणून पदविकेची वाट म्हणजे कायमचे दुय्यमत्व, असा त्यांचा ग्रह होऊन बसतो.

पदवी की पदविका, हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला जातो, आणि त्याचे माझे उत्तर ऐकून पालक बहुधा नाराज होतात. मी त्यांस म्हणतो, की आधी रुग्णालय निवडा. पदवी-पदविकेचा विचार मागाहून करा. परिचर्या ही विद्या रुग्णाच्या उशाशी शिकावयाची आहे, आणि ज्या संस्थेच्या कक्षात रुग्णच नाहीत तिने चार वर्षांनी दिलेली पदवी म्हणजे पाण्यावाचून शिकविलेले पोहणे. परिषदेच्या नियमानुसार महाविद्यालयास किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय हवे, आणि कागदावर ते बहुतेकांचे असते. पण तपासणीचे पथक येण्याच्या आठवड्यात भरलेल्या आणि एरवी चादरी घालून रिकाम्या ठेविलेल्या खाटाही या राज्यात मी पाहिल्या आहेत. तेव्हा महाविद्यालयाची काचेची इमारत, ग्रंथालयातील कोरी पुस्तके आणि दीपप्रज्वलनाच्या शपथविधीची छायाचित्रे यांवर भाळून न जाता, कुठल्याही साध्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आगाऊ न कळविता रुग्णालयात जावे. बाह्यरुग्ण विभागात रांग आहे काय, प्रसूतिकक्षात रात्रीत किती बाळंतपणे झाली, अतिदक्षता विभाग चालू आहे की कुलूपबंद, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी भेटली तर तिला विचारावे, की प्राध्यापिका तुमच्याबरोबर कक्षात उभ्या राहतात की केवळ हजेरीपटावर सही करून निघून जातात. जे. जे., के. ई. एम., ससून किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय रुग्णालय, अशा अहोरात्र गजबजलेल्या ठिकाणी केलेला जीएनएम मी एखाद्या आडगावच्या रिकाम्या रुग्णालयाच्या बी.एस्सी.पेक्षा निःसंशय श्रेष्ठ मानतो. ज्या रुग्णालयात रुग्णही भरपूर आहेत आणि पदवीही मिळते, तेथे अर्थातच पदवी घ्यावी. तेथे वादाला जागाच नाही.

त्याबरोबर मान्यतेची चौकशी करावी. महाराष्ट्र परिचर्या परिषद, भारतीय परिचर्या परिषद आणि पदवीच्या बाबतीत विद्यापीठ, या तिन्हींच्या याद्यांत संस्थेचे नाव चालू वर्षासाठी आहे किंवा नाही, हे संस्थेच्या कारकुनाच्या तोंडून न ऐकता प्रत्यक्ष याद्यांत पाहावे. १९४७ सालच्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला आहे, तेव्हा नियामक मंडळाचे नाव व घडण बदलण्याच्या या काळात ही खातरजमा अधिकच अगत्याची आहे. उत्तीर्ण झाल्यावर राज्य परिषदेत नाव नोंदविल्याखेरीज कोणत्याही कक्षात परिचारिका म्हणून उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही, आणि मान्यता नसलेल्या संस्थेच्या विद्यार्थ्यास ही नोंदणी मिळत नाही. अशा वेळी न्यायालयाचे उंबरे झिजवून फुकट गेलेली वर्षे परत येत नाहीत.

प्रवेशाच्या दफ्तरी बाजूकडे पालकांचे लक्ष उशिरा जाते. बी.एस्सी.साठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे स्वतंत्र परीक्षा घेतली जाते, आणि तिचा अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच भरावा लागतो. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ही सारी कागदपत्रे सरकारी कचेऱ्यांतून जून-जुलैच्या गर्दीत मिळविणे म्हणजे मनस्ताप असल्यामुळे, ती आदल्या हिवाळ्यातच करून ठेवावीत. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. परंतु ती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे, व्यवस्थापनाच्या कोट्यातून परस्पर घेतलेल्या जागेस नव्हे. 'आत्ताच पैसे भरा, जागा पक्की करतो' असे म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागून काही पालकांनी ही माफी हातची घालविल्याचे माझ्या पाहण्यात आहे.

करारनाम्यांविषयीही येथेच बोलावयास हवे. काही खासगी संस्था प्रवेशाच्या वेळी अथवा नोकरी देताना दोन-तीन वर्षे तेथेच राबण्याचा बंधपत्रवजा करार लिहून घेतात आणि मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून घेतात. शिक्षण विनामूल्य देऊन त्याच्या मोबदल्यात सेवा मागणे रास्त आहे, आणि लष्करही तेच करते; परंतु पूर्ण शुल्क वसूल करून वर पुन्हा अल्प वेतनावर बांधून ठेवणे, ही निव्वळ वेठ आहे. कराराचा मसुदा घरी आणून वाचावा, वकिलीचा गंध असलेल्या कोणाला तरी दाखवावा, आणि मूळ कागदपत्रे पडताळणीपुरती दाखवून तत्काळ परत घ्यावीत.

लष्करी सेवेविषयी जरा विस्ताराने लिहावयास हवे, कारण तिच्याविषयी आकर्षण मोठे आणि माहिती तुटपुंजी, अशी स्थिती आहे. वास्तविक आधुनिक परिचर्येचा उगमच मुळी लष्करी रुग्णालयात झाला. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा तेथील शिपाई जखमांपेक्षा हगवण, विषमज्वर आणि घाणीनेच अधिक मरत होते, आणि त्या मृत्यूंचे आकडे काटेकोर मांडून त्यांनी लंडनच्या सरकारला जाब विचारला. बाईंच्या हातातील दिव्याचे कौतुक सर्वत्र होते. त्यांच्या वहीचे कौतुक त्याहून अधिक व्हावयास हवे. हिंदुस्थानातील लष्करी परिचर्येचा आरंभ मुंबईच्या बंदरावर झाला: १८८८ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून दहा प्रशिक्षित परिचारिका येथे उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांतील परिचर्येची घडी बसविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायम स्वरूपात अस्तित्वात आली, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या अध्यादेशाने, या सेवेतील परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा लाभला. १९७६ साली याच सेवेच्या प्रमुख गर्ट्रूड ॲलिस राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सेनादलांत त्या हुद्द्यावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला होत. लष्करात स्त्रियांना कायमस्वरूपी सनद द्यावी की न द्यावी, याचा खल अन्य शाखांत चालू होता, त्याच्या कितीतरी आधी या सेवेतील स्त्रिया अधिकारपदे भूषवीत होत्या, याचे स्मरण आपल्याला क्वचितच असते.

या सेवेत शिरण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली बारावीनंतरची. सेनादलांच्या सहा परिचर्या महाविद्यालयांत मिळून, अलीकडच्या जाहिरातींनुसार, दरवर्षी २२० मुलींना बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश मिळतो, आणि त्यांतील दोन महाविद्यालये आपल्या राज्यात आहेत: एक पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, दुसरे मुंबईस कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात. उरलेली दिल्ली, कोलकाता, लखनौ व बंगळूर येथे. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांत मिळून किमान पन्नास टक्के गुण नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात मिळविलेले असावे लागतात. उमेदवार स्त्री अविवाहित असावी, अथवा घटस्फोटिता, कायद्याने विभक्त वा अपत्यांची जबाबदारी नसलेली विधवा असावी, आणि वय साधारणतः १७ ते २५ च्या दरम्यान असावे. महाराष्ट्रातील मुली येथे एक चूक हमखास करतात. राज्यातील बी.एस्सी.साठी सामायिक परीक्षा दिली म्हणजे झाले, अशा समजुतीने त्या नीट ही परीक्षा देतच नाहीत, आणि लष्करी महाविद्यालयांची प्राथमिक निवड तर नीटच्या गुणांवरच होते. ज्या मुली नीट देतात त्यांतीलही बऱ्याच जणी लष्कराच्या भरतीस्थळावर स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो हे न कळल्यामुळे मागे राहतात. त्या अर्जातून निवडलेल्या मुलींची सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकीय परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि सरतेशेवटी लष्करी डॉक्टरांकडून शारीरिक तपासणी होते. दृष्टी, उंची, वजन, कान, दात यांची आगाऊ तपासणी गावच्या डॉक्टरकडून करून घेतली, तर पुढची निराशा बरीच टळते.

शिक्षणकाळात निवास व भोजन विनामूल्य असते, गणवेशासाठी भत्ता व दरमहा विद्यावेतन मिळते, आणि ज्या रुग्णालयांत हे शिक्षण होते ती देशातील उत्कृष्ट रुग्णालयांपैकी आहेत. वर मी रुग्णालयाच्या निवडीचा जो आग्रह धरला आहे त्या दृष्टीने पाहिले, तर याहून उत्तम जागा सामान्य घरातल्या मुलीस दुर्मीळच. त्याचे मोल म्हणून सेवेचा करारनामा लिहून द्यावा लागतो. शिक्षण अर्धवट सोडल्यास अथवा पदवीनंतर सेवा नाकारल्यास जाहिरातीत नमूद केलेली रक्कम सरकारजमा करावी लागते. पदवी व परिषदेची नोंदणी झाल्यावर लेफ्टनंट हुद्द्यावर नेमणूक होते. पुढे कॅप्टन, मेजर असे वर चढत जाता येते, आणि या सेवेच्या अधिकाऱ्यांना मूळ वेतनाखेरीज सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा १०,८०० रुपये लष्करी सेवावेतन मिळते. दुसरी वाट अन्यत्र बी.एस्सी. वा एम.एस्सी. करून परिषदेत नाव नोंदविलेल्या स्त्रियांसाठी आहे. त्यांची निवड शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सनदेसाठी, जागा निघतील तेव्हा होते. बारावीत ज्यांची संधी हुकली त्यांनी ही दुसरी वाट ध्यानात ठेवावी.

लष्करी परिचारिका म्हणजे सदैव तोफांच्या गडगडाटात जखमींच्या पट्ट्या बांधणारी वीरांगना, ही चित्रपटांनी करून दिलेली कल्पना मात्र आधी मनातून काढून टाकावी. शांततेच्या काळात तिचा बहुतेक वेळ जवानांच्या बायकांची बाळंतपणे, मुलांची आजारपणे, निवृत्त सैनिकांचे मधुमेह व हृदयविकार यांतच जातो. पुण्याच्या वानवडीत १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि खडकीस मणक्याला इजा होऊन कंबरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणी परिचर्येची कसोटी पाहणारे जे काम आहे ते रणांगणावरचे नसून, तेवीस वर्षांच्या तरुणाला उर्वरित आयुष्य चाकाच्या खुर्चीवर काढावयाचे आहे हे त्याच्या सोबतीने दिवसामागून दिवस स्वीकारण्याचे आहे. बदली दर दोन-तीन वर्षांनी होते, आणि ती पठाणकोटला होते तशी ईशान्येतील एखाद्या लहान ठाण्यावरही होते; हुकूम आल्यावर सासूच्या आजारपणाचा अर्ज मंजूर होईलच असे नाही. वरिष्ठांचा आदेश, वेळेची शिस्त, हुद्द्यांची उतरंड यांत ज्यांचा जीव घुसमटतो त्यांनी या वाटेला जाऊ नये, आणि ज्यांना घरातील अव्यवस्थेपेक्षा तीच शिस्त सुखाची वाटते त्यांनी अवश्य जावे.

विवाहाविषयी घरोघरी शंका काढतात, तेव्हा त्याचेही स्पष्टीकरण हवे. पूर्वी या सेवेत विवाह केल्याच्या कारणावरून परिचारिकेस सेवामुक्त करण्याचा नियम होता. तो १९९५ साली मागे घेण्यात आला. त्या नियमाखाली १९८८ साली काढून टाकलेल्या एका अधिकारी स्त्रीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नियम मनमानी व लिंगभेद करणारा ठरवून तिला साठ लक्ष रुपये देण्याचा हुकूम केला. सबब, प्रवेशाच्या वेळची अविवाहितपणाची अट ही जन्माची अट नव्हे, एवढे आईवडिलांनी लक्षात घ्यावे.

मुलांसाठी, म्हणजे मुलग्यांसाठी, हे दार बंद आहे. लष्करी परिचर्या सेवेत केवळ स्त्रियांची भरती होते. मुलग्यांना लष्करी रुग्णालयातच काम करावयाचे असेल तर आर्मी मेडिकल कोअरमध्ये सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट या पदाची भरती असते, तिच्यासाठी बारावी विज्ञान आवश्यक असते, आणि तो अधिकाऱ्याचा हुद्दा नव्हे. नागरी क्षेत्रात मात्र जीएनएम व बी.एस्सी. दोन्ही मुलग्यांना खुले आहेत. मनोविकार, अस्थिरोग व अतिदक्षता विभागांत त्यांची गरज आहे, आणि त्यांना पाहून नाके मुरडणारे रुग्ण मला फारसे भेटले नाहीत. नाके मुरडतात ते नातेवाईक.

नागरी नोकरीची सांपत्तिक बाजू सांगतो. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत या पदास २०१६ पासून नर्सिंग ऑफिसर म्हणतात आणि त्याची मूळ वेतनश्रेणी ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. एम्स संस्थांची भरती नॉरसेट या सामायिक परीक्षेतून होते, तीत बी.एस्सी. झालेल्यास थेट, आणि जीएनएम झालेल्यास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांच्या अनुभवानंतर बसता येते. राज्यसेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका व अधिसेविका अशी चढण आहे, आणि ती चढण मंद आहे. खासगी क्षेत्रात परिस्थिती विषम आहे. मोठ्या शहरी रुग्णालयांतील अतिदक्षता विभागात अनुभवी परिचारिकेस सन्मानाने वागविले जाते, आणि तालुक्याच्या गावी वीस खाटांच्या रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिकेस स्वयंपाकिणीएवढेही वेतन मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतके आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयानेही दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन देऊ नये, अशी शिफारस केली होती. शिफारस ती शिफारसच राहिली, तरी वेतनाच्या वाटाघाटीत तिचा उल्लेख करावा; मालकाला ती बहुधा ठाऊक असते, फक्त समोरच्या मुलीला ठाऊक आहे असे त्याला वाटत नसते.

रात्रपाळीच्या सुरक्षिततेची चिंता आईवडिलांनी करणे स्वाभाविक आहे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयाच्याच आवारात झालेला अत्याचार, आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली त्यांची शुश्रूषा, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राने विसरू नयेत. २०१० च्या राज्य कायद्याने वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरविली आहे, आणि नोंदणीकृत परिचारिकाही त्याच्या संरक्षणात येतात. परंतु कायद्यापेक्षा वसतिगृह आवारात आहे की रस्त्यापलीकडे, कपडे बदलण्याची खोली कोठे आहे, अंतर्गत तक्रार समिती खरोखर बसते काय, हे प्रश्न अधिक उपयोगी. ते विचारताना संकोचू नये.

पदवीनंतर लगेच पुढील शिक्षणाकडे धावण्याची मी घाई करू देत नाही. दोन-तीन वर्षे कक्षात काढल्यावर आपला कल कोठे आहे ते कळते; मग अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू किंवा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी कर्करोग परिचर्या, अशा एखाद्या शाखेतील एक वर्षाची विशेष पदविका करावी, आणि शिकविण्याची आवड असेल तर दोन वर्षांची एम.एस्सी. ग्रामीण भागात राहू इच्छिणाऱ्या बी.एस्सी. परिचारिकेस समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आरोग्यवर्धिनी केंद्राचा स्वतंत्र कारभार पाहता येतो, आणि माझ्या मते या पदाकडे शहरी मुलींचे दुर्लक्ष होत आहे.

परदेशाविषयी थोडक्यात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही येतात. पण जर्मनीत कक्षात उभे राहण्यासाठी बी-२ पातळीची जर्मन भाषा यावी लागते, आणि ती दीड-दोन वर्षांच्या नेटाच्या अभ्यासाखेरीज येत नाही. ब्रिटनला इंग्रजीची आयईएलटीएस वा ओईटी परीक्षा व तेथील परिषदेच्या दोन चाचण्या, अमेरिकेस एनक्लेक्स, आखाती देशांत त्या त्या देशाची परवाना परीक्षा, असा प्रघात आहे. आखाती देशांसह सरकारने ठरविलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या परिचारिकांची भरती २०१५ पासून केवळ नेमून दिलेल्या शासकीय संस्थांमार्फत करण्याचा नियम आहे, आणि अन्यत्र पाठविणाऱ्या परवानाधारक दलालालाही ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. जो याहून अधिक मागतो, किंवा पैसे घेऊन पावती देत नाही, त्याच्या कचेरीतून तसेच उठून यावे. राज्य परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते, ती परदेशात असतानाही लोपू देऊ नये. परत आल्यावर येथील कक्षात रुजू होताना पहिली विचारणा तिचीच होते.